एका पंगतीतली पिल्लं

सहा आठवडे मी रोज सकाळी वही-पेन्सिल घेऊन डुकराच्या पिल्लांच्या मागे उभी राहत होते. मागे म्हणजे अगदी मागेच. पिल्लू जे टाकील त्याला मी गुण द्यायचे. घट्ट असेल तर शून्य, मऊ असेल तर एक, पातळ असेल तर दोन आणि पाण्यासारखं असेल तर तीन. शाळेत मला कुणी कधी मॉनिटरसुद्धा केलं नाही. इथे मात्र एकदम परीक्षक झाले, आणि विषय कुठला, तर हा.

"हसतेस काय?" मी नणंदेला म्हणायचे. "तुझ्यापायी चाललंय हे सगळं."

"पेन्सिल कानावर ठेवू नकोस वहिनी," ती म्हणायची. "मघाशी खाली पडली होती ती."

माझी नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. घरात तिला भिंगरी म्हणतात, आणि ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं पोरीला नीट पाहून ठेवलं. एका जागी टिकणं तिला माहीतच नाही. बारा वर्षं ती लांबच्या शहरात मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होती. गेल्या वर्षी महिनाभराच्या रजेवर घरी आली आणि परत गेलीच नाही. कारण काय, तर शेवाळ.

आमची डुकरांची शेड उतारावर आहे आणि उतार संपतो तिथे समुद्र. वादळ येऊन गेलं की किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग पडतात. चामड्याच्या पट्ट्यांसारखं जाड, चिकट शेवाळ. लोक नाकाला रुमाल लावून त्यावरून जातात. आमची एक म्हातारी डुकरीण मात्र फाटक उघडं दिसलं की थेट तिथेच धाव घ्यायची आणि शेवाळ चघळत बसायची. आम्ही तिला काठी घेऊन परत आणायचो. भिंगरीनं काठी घेतली नाही, ती शेजारी बसून बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, "वहिनी, हिला कधी पोटाचं दुखणं झालंय?"

मी आठवून पाहिलं. कधीच नाही.

डुकरं पाळणाऱ्याला पोटाचं दुखणं म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. पिल्लू अठ्ठावीस दिवसांचं झालं की त्याला आईच्या दुधावरून तोडतात आणि दाण्यावर घालतात. त्या कोवळ्या आतड्यांना हा बदल सोसत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी हगवण लागते, आठवड्यात पिल्लू सुकतं, काही दगावतात. दर खेपेला औषधाच्या बाटल्या, दर खेपेला तीच रडारड. भिंगरीनं ठरवलं की आपण या पिल्लांना शेवाळ घालून बघायचं. ती ओहोटीला खाली जाऊन शेवाळ कापून आणायची, तीनदा गोड्या पाण्यात धुवायची, दोरीवर वाळवायची आणि दळून पूड करायची. दोरी अर्थातच माझी, कपडे वाळवायची. वर्षभर आमच्या चादरींना बंदराचा वास येत होता.

हा नुसता छंद असता तर मी दोरीवरून भांडून मोकळी झाले असते. पण तिला हेच पोटापाण्याचं काम करायचं होतं. आमच्या भागातल्या सगळ्या शेडना दाणा पुरवतो तो पशुखाद्य संघ. संघानं दाण्यात शेवाळ घालायचं ठरवलं तर भिंगरीला बारमाही काम मिळणार होतं. आणि संघ काही हवेत निर्णय घेत नाही. त्यांनी सांगितलं, आधी प्रयोग करून दाखवा. नेमकं त्याच आठवड्यात कारखान्याचं पत्र आलं की तुमची जागा वर्षभर धरून ठेवली, आता दोन महिन्यांनी एक तारखेला हजर व्हा, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला देऊ. म्हणजे प्रयोग जमला तर भिंगरी राहणार आणि फसला तर जाणार. इतकं ते सरळ होतं.

मला काय वाटत होतं? कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, जाऊ दे की, वरची खोली मोकळी होईल, दोरी मोकळी होईल. पण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

प्रयोग मांडायला संघाची डॉक्टरीण आली. जनावरांची डॉक्टर, तिशीची, कामाला वाघीण. आम्ही तिला मागून फूटपट्टी म्हणायचो, कारण ती भिंतीला टेकून ठेवलेला झाडूसुद्धा सरळ करून ठेवते. तिनं तीन डुकरिणींची चोवीस पिल्लं निवडली, वजनं केली आणि बारा-बारांच्या दोन गटांत वाटली. एका गटाच्या कानात निळे बिल्ले, दुसऱ्याच्या कानात पिवळे. शेजारी-शेजारी दोन कप्पे, मध्ये कमरेइतकी भिंत. सकाळचं खाणं सगळ्यांना सारखंच. संध्याकाळचं खाणं निळ्यांना निळ्या डब्यातलं, त्यात शेवाळाची पूड. पिवळ्यांना पिवळ्या डब्यातलं, साधं.

"शेवाळ पिल्लाला औषधासारखं लागू पडत नाही," तिनं आम्हाला समजावलं. "आतड्यात चांगले जंतू असतात, त्यांचा हा खाऊ. ते धष्टपुष्ट झाले की वाईट जंतूंना जागाच उरत नाही. पण हे मला दिसलं पाहिजे. म्हणून एका गटाला द्यायचं, दुसऱ्याला नाही. बाकी सगळं तसंच, अगदी झाडूसकट."

सकाळचं खाणं आणि वही माझ्याकडे आली. संध्याकाळचं खाणं घालायचं सासूबाईंनी. त्यांचे गुडघे सकाळी साथ देत नाहीत, दुपारनंतर मात्र त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत हे पायांना आठवत नाही. दुधावरून तुटलेल्या पिल्लांना संध्याकाळी खायला घालायचं काम त्या गेली पन्नास वर्षं करताहेत. फूटपट्टीनं त्यांना दोन्ही डबे दाखवले, दोनदा समजावलं. सासूबाईंनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे होकार, असं फूटपट्टीला वाटलं. ती आमच्या घरात नवीन होती.

सहा आठवडे मी डोळ्यांत तेल घालून गुण दिले. दर रविवारी पिल्लांना एकेक करून पोत्यात घालून काट्याला टांगायचं, आणि ती अशी किंचाळायची की जणू मी त्यांची इस्टेट लाटतेय. नवरा वजनं ओरडून सांगायचा. एवढंच त्याचं त्या दिवसाचं बोलणं. एरवी तो शिट्टी वाजवतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला त्याच्या शिट्टीवरून त्याचं पोट भरलंय की नाही हे कळतं, पण संवाद म्हणाल तर तेवढाच.

पिल्लं झकास वाढली. हगवण म्हणून कुणाला लागली नाही. मी खूश होते. निळ्यांची पानं शून्यांनी भरली आणि पिवळ्यांचीही शून्यांनीच भरली, पण त्याचा अर्थ माझ्या टाळक्यात शिरला नाही. मला वाटलं, बरं चाललंय.

शेवटच्या रविवारी फूटपट्टीनं आमच्या स्वयंपाकघरात टेबलावर कागद पसरले, बेरजा केल्या, परत केल्या. मग पेन खाली ठेवून ते सरळ केलं.

"फरक नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" भिंगरीनं विचारलं.

"निळे आणि पिवळे, दोघांची वजनं सारखी. दोघांची पोटं ठणठणीत. शेवाळ खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या पिल्लांत काहीही फरक नाही."

"अहो, पण हगवण लागलीच नाही!" मी म्हणाले. "दर वेळी लागते!"

"लागली नाही, खरं आहे. पण शेवाळ न खाणाऱ्यांनाही लागली नाही ना, ताई? मग श्रेय शेवाळाला कसं देऊ? हवा चांगली असेल. तुम्ही कप्पे जास्त स्वच्छ ठेवले असतील." ती भिंगरीकडे न बघता कागद गोळा करू लागली. "मला वाईट वाटतं. मी संघाला जे दिसलं तेच लिहिणार."

भिंगरी म्हणाली, "बरोबर आहे," आणि बशा उचलून धुवायला गेली. तिनं चार बशा धुवायला अर्धा तास घेतला. सासूबाई खिडकीशी शेंगा सोलत होत्या. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की काय झालं. संध्याकाळ झाली तशा उठून शेडकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरलेलं होतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि त्या दिवशी तो काढायला समोर माणूस नव्हतं, म्हणून मी पाण्याचा पाइप घेतला आणि कप्पे धुवायला लागले. पिवळ्यांच्या कप्प्यात एक गोळा पडला होता. पाण्याची धार त्यावर बसली, तो फुटला आणि त्यातून काळपट हिरवे कण निघून गटाराकडे वाहायला लागले.

मी पाइप बंद केला. खाली वाकले. तसले कण मी वर्षभर दोरीखालून झाडत आले होते, ते मी झोपेतही ओळखले असते. ते शेवाळ होतं. पिवळ्या पिल्लाच्या पोटातून आलेलं.

सहा आठवडे मी त्या गोळ्यांकडे बघत होते. घट्ट, मऊ, पातळ. रंगाचा रकाना वहीत नव्हता, म्हणून रंग मी पाहिलाच नाही! स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण स्वतःवर चिडायला मला फार वेळ लागतो, दुसऱ्यावर पटकन जमतं. मी तशीच जिना चढून वर गेले. भिंगरी पेटीत कपडे भरत होती.

"तू पिवळ्यांनाही शेवाळ घातलंस?"

"काय?"

"खरं सांग. दया आली असेल, मूठभर टाकलं असशील. तुझ्याशिवाय कोण घालणार?"

भिंगरीनं हातातला स्वेटर खाली ठेवला. "वहिनी, उचलली जीभ लावली टाळ्याला. हा प्रयोग जमला तर मी इथं राहणार होते. मी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ?"

तिच्या ओठाचा कोपरा हलत होता. मला लगेच पश्चात्ताप झाला, पण तो दाखवायला वेळ नव्हता. "मग चल," मी म्हणाले. "शूज घाल."

आम्ही बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पुरावा भरला आणि फूटपट्टीच्या दवाखान्यात गेलो. ती चहा पीत होती. डबा बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, प्रयोग फसला तरी मनं मोठी आहेत, तोंड गोड करायला आल्या. आम्ही काही बोलायच्या आत तिनं झाकण उघडलं.

पण बाई पक्की. ओरडली नाही. चहा बाजूला सरकवला, चाळणीत धुऊन घेतलं, भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे पिवळ्याचं? नक्की?"

"पिवळ्यांच्या कप्प्यातूनच उचललंय."

ती आमच्याबरोबरच निघाली. आधी तिनं दोन्ही डबे तपासले. निळ्यात शेवाळ होतं, पिवळ्यात नव्हतं. डबे बरोबर होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंगरीकडे पाहिलं, आणि आम्ही तिघींनी एकाच वेळी घराकडे पाहिलं.

संध्याकाळी आम्ही शेडच्या दाराशी उभ्या राहिलो. लपलो वगैरे नाही, नुसत्या उभ्या. रोज त्या वेळी मी वरच्या शेडमध्ये डुकरिणींच्या मागे असते, भिंगरी किनाऱ्यावर असते, नवरा दाण्याची गाडी घेऊन बाहेर असतो. त्यामुळे इथे काय चालतं ते कुणी पाहिलेलंच नव्हतं. सासूबाई आल्या. आमच्याकडे पाहून "आलात का," म्हणाल्या. मग मोठं घमेलं ओढलं, त्यात निळा डबा ओतला, त्यावर पिवळा डबा ओतला, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि दोन्ही हातांनी छान कालवलं. मग अर्धं निळ्यांच्या पन्हळीत आणि अर्धं पिवळ्यांच्या. एका बाजूला जरा जास्त पडलं वाटतं, तर ओंजळभर उचलून दुसऱ्या बाजूला टाकलं.

फूटपट्टी उलट्या बादलीवर बसली.

"आजी," ती म्हणाली, "रोज असंच?"

"रोज असंच."

"मी सांगितलं होतं ना, निळं निळ्यांना आणि पिवळं पिवळ्यांना?"

"सांगितलं होतंस. ऐकलं मी."

"मग?"

सासूबाईंनी हात झटकले. "अगं बाळा, कालपर्यंत ही एका ओळीत आईला पीत होती. तू मध्ये भिंत घातलीस, घाल. कानात बिल्ले घातलेस, घाल. पण भिंतीवरून वास जातो की नाही? एका पंगतीला बसवायचं, एकाच्या पानात चांगलंचुंगलं वाढायचं आणि दुसऱ्यानं नुसतं हुंगायचं, हा पंक्तिप्रपंच माझ्या हातून व्हायचा नाही. माणसांत केला नाही, डुकरांत कशाला करू?"

"पण आई," भिंगरीचा आवाज चढला, "तू मला सांगायचंस तरी!"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? मी चोरून करत होते का?" आणि मग, जरा हळू आवाजात, "मी पण एक चमचा घेते रोज. रात्री, कोमट पाण्यातून. वाढणारीनं का उपाशी राहावं? चाळीस वर्षांचं दुखणं होतं माझं, सकाळचं. आता घड्याळ लावून घ्या."

माझा नवरा नेमका तेव्हाच दाण्याची गाडी लावून आत येत होता. त्याची शिट्टी मध्येच बंद पडली.

पहिली मी हसले. मग भिंगरी. फूटपट्टी हसणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती बादलीवरून घसरेपर्यंत हसली, आणि डोळे पुसत म्हणाली, "याला माझ्याकडे रकानाच नाही, आजी. आणि चमचा नको, अर्धा पुरे. तोही तुमच्या डॉक्टरला विचारून."

हसणं ओसरल्यावर काम उरलं. चोवीसच्या चोवीस पिल्लांनी शेवाळ खाल्लं होतं आणि चोवीसच्या चोवीस ठणठणीत होती. फूटपट्टीच्या दृष्टीनं हे आशादायक होतं, पण पुरावा नव्हता. शेवाळ न खाणारं कुणीतरी हवंच होतं.

"आजी, आळीपाळीनं चालेल?" तिनं विचारलं. "पुढच्या आठवड्यात पिल्लांची नवी खेप दुधावरून तुटेल. त्या खेपेत कुणालाच शेवाळ नाही. त्यानंतरची खेप येईल, तिच्यात सगळ्यांना."

"कुणालाच नाही म्हणजे कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

सासूबाईंनी विचार केला. "मग चालेल. घरात नसेल त्या दिवशी सगळ्यांनीच नाही खायचं. त्यात कुणाचा अपमान नाही."

त्यांनी शब्द दिला. ह्या वेळी फूटपट्टीनं तो तोंडानं वदवून घेतला.

पण हे सगळं व्हायला सहा आठवडे लागणार होते आणि एक तारीख आठ दिवसांवर आली होती. कारखाना थांबणार नव्हता. त्या रात्री जेवताना भिंगरी म्हणाली, "मी जाते. निकाल लागला की कळवा मला." नवऱ्यानं ताटाकडे बघितलं. सासूबाईंनी भाजी पुढे सरकवली. मी पाणी प्यायले. आम्ही चौघं फार सभ्यपणे जेवलो.

भांडी आवरताना मी सासूबाईंना गाठलं. "तुम्ही तिला थांब का म्हणत नाही? तुमची मुलगी आहे ती."

"म्हणूनच नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "मी थांब म्हटलं की ती थांबेल. पण हे घर तुझंही आहे. खोली तिनं अडवली, दोरी तिनं अडवली, वासानं तुझं डोकं उठतं, तू रोज म्हणतेस. मी पोटच्या पोरीला जास्तीचं वाढायचं आणि तू मुकाट गिळायचं, हा पंक्तिप्रपंच नाही तर काय? बोलायचं असेल तर तू बोल. मी नाही बोलणार."

माझ्या हातात ओली परात होती. या बाईनं डुकराच्या चोवीस पिल्लांसाठी संघाचा प्रयोग बुडवला होता, आणि माझ्यासाठी ती स्वतःच्या मुलीला जाऊ देत होती. एकोणीस वर्षं मी या घरात आहे. इतकं प्रेम कुणी माझ्यावर करतंय आणि मला त्याचा पत्ता नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो.

मी परात आपटली आणि जिना चढले.

पेटी भरून झाली होती. मी ती उघडली आणि कपडे बाहेर काढायला लागले. स्वेटर, मोजे, परकर, सगळं पलंगावर.

"वहिनी, काय चाललंय?"

"तू कुठं जात नाहीस."

"अगं, पण निकाल—"

"निकाल गेला खड्ड्यात. शेवाळ चालू दे नाहीतर वाहून जाऊ दे. तू इथं राहायचंस."

"तुला तो वास आवडत नाही."

"नाही आवडत. घाण वास आहे. पण तू नव्हतीस तेव्हा या घरात माझ्याशी भांडायला कुणी नव्हतं. आई भांडत नाहीत, तुझा भाऊ शिट्टी वाजवतो. बारा वर्षं मी डुकरिणींशी बोलत होते." मी शेवटचा मोजा पलंगावर फेकला. "मला तू हवी आहेस. कळलं? मला."

भिंगरी पलंगावर कपड्यांच्या ढिगात बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदम.

"वर्षभर वाट बघतेय मी," ती म्हणाली. "आई बोलत नाही, दादा बोलत नाही, तू तर रोज नाक मुरडतेस. मला वाटलं, मी पाहुणी झाले या घरात."

"पाहुणी असतीस तर इतकी भांडले असते का मी?"

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्याला दोन ओळींचं पत्र लिहिलं. मी ते स्वतः टपालपेटीत टाकून आले, तिचा विचार बदलायच्या आत.

मग पहिली खेप, बिनशेवाळाची. सासूबाईंनी दिलेला शब्द पाळला आणि वर स्वतःचा अर्धा चमचाही बंद केला. "त्यांना नाही तर मलाही नाही," म्हणाल्या. चार दिवसांत व्हायचं ते झालं. पिल्लांचं थांबेना आणि सासूबाईंचं होईना. माझ्या वहीत तीन, तीन, दोन, तीन. फूटपट्टी औषध घेऊन रोज यायची आणि सासूबाई तिच्याकडे अशा बघायच्या की ती बिचारी बूट पुसून आत यायला लागली. पण एकही पिल्लू दगावलं नाही, आणि निळ्या डब्याला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या खेपेला सगळ्यांना शेवाळ मिळालं. सासूबाई त्या संध्याकाळी स्वच्छ साडी नेसून शेडमध्ये गेल्या. मी दर सकाळी वही घेऊन उभी राहिले. शून्य, शून्य, एक, शून्य. आणि यावेळी रंगाचा रकाना मी स्वतः आखला होता.

दरम्यान फूटपट्टीनं आणखी दोन शेडमध्ये हाच आळीपाळीचा प्रयोग लावला होता. ती म्हणाली, आधी तिथले लोक तयारच नव्हते, अर्ध्या पिल्लांना वंचित ठेवायचं कुणालाच पटेना. "आजींची पद्धत सांगितली आणि लगेच हो म्हणाले. मी पाच वर्षं शिकले आणि हे मला कुणी शिकवलं नाही."

निकालाच्या दिवशी ती सकाळीच आली, धापा टाकत. झाडू आडवा पडला होता, तिनं तो ओलांडला. कागद टेबलावर पसरायला धीर नव्हता, उभ्या-उभ्याच वाचला. तुमच्याकडे शेवाळ न खाणाऱ्या एकतीस पिल्लांपैकी एकोणीस आजारी. शेवाळ खाणाऱ्या एकोणतीसपैकी चार. बाकी दोन शेडमध्येही कल हाच. संघाची सभा काल झाली.

"आणि?" मी ओरडले.

"आणि हो म्हणाले. या हंगामापासून, दाण्यात."

माझ्या नवऱ्यानं भिंगरीला उचललं आणि गरागरा फिरवलं, खुर्ची पडली. मी फूटपट्टीला मिठी मारली. ती आधी फळीसारखी ताठ राहिली, मग तिनंही मारली. नवऱ्याच्या तोंडून एकदम पाच-सहा वाक्यं बाहेर पडली, त्यातलं एकही धड कळलं नाही, पण आवाज होता, मी ऐकला.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी गलका शांत होऊ दिला. मग फूटपट्टीला विचारलं, "कुणाकुणाला मिळणार?"

"सगळ्यांना, आजी."

"सगळ्यांना म्हणजे?"

"संघाच्या सगळ्या शेडमधल्या पिल्लांना. चार हजार तरी असतील."

"चार हजार," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून खाली समुद्राकडे पाहिलं, पाणी कुठवर उतरलंय ते. मग मुलीकडे वळल्या. वर्षभर त्यांनी तिला एकदाही थांब म्हटलं नव्हतं, आताही म्हणाल्या नाहीत.

"मग अशी बघत काय बसलीस?" त्या म्हणाल्या. "ऊठ. ओहोटी लागलीय."

भिंगरी उठली. मीही चुलीवरचं खाली उतरवलं आणि गमबूट चढवले, कारण चार हजार पोटं काही एकटीच्या हातानं भरत नाहीत.